लिस्बन : फातिमाच्या वाटेवर थांबून पाहावे असे शहर

आपल्या धर्मग्रामांतून दरवर्षी अनेक भाविक फातिमाच्या यात्रेला जातात. फातिमाला विमानतळ नाही. यात्रेकरूंचे विमान बहुधा पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे उतरते आणि तेथून सुमारे १२५ किलोमीटरचा प्रवास बसने करावा लागतो. पुष्कळ सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत लिस्बनच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस येतो. बसच्या खिडकीतून एक मनोरा, एक पूल आणि एक चौक पाहून यात्रेकरू पुढे निघतात. या शहराला निदान तीन दिवस द्यावेत, असे आम्ही आग्रहाने सुचवू इच्छितो. वसई, साष्टी आणि चौल या परिसराचा कारभार सोळाव्या शतकापासून १७३९-४० पर्यंत अखेर याच शहरातून पाहिला जात होता. आपल्या पूर्वजांच्या श्रद्धेचा आणि काही दुःखांचाही एक धागा येथवर येऊन पोहोचतो. तो धागा हाती धरून शहर कसे पाहावे, याची माहिती वाचकांसाठी येथे देत आहोत.

स्थान आणि पूर्वपीठिका

लिस्बन हे तेजो नदीच्या उत्तर तीरावर, नदी अटलांटिक महासागराला मिळते त्या मुखाजवळ वसले आहे. इंग्रजी पुस्तकांत या नदीचे नाव टॅगस असे आढळते. रोमप्रमाणेच हे शहरही सात टेकड्यांवर वसले असल्याचे परंपरेने सांगितले जाते. चढउतार इतके आहेत की ही परंपरा पायांना तत्काळ पटते. रोमन, व्हिसिगॉथ आणि नंतर मूर मुसलमान अशा राजवटी येथे होऊन गेल्या. ११४७ साली पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो हेन्रिक याने उत्तर युरोपातून आलेल्या क्रूसेडर योद्ध्यांच्या साहाय्याने शहर मूरांकडून जिंकले. तेराव्या शतकाच्या मध्यास कोइंब्रा मागे पडून लिस्बन राजधानी झाले.

पहिला दिवस : किल्ल्याची टेकडी आणि संत अंतोनींचे घर

दर्शनाचा आरंभ सांत जोर्जे किल्ल्याच्या टेकडीवरून करावा. तटावरून लाल कौलांची घरे, चर्चचे घुमट आणि समुद्रासारखी रुंद नदी एकाच दृष्टिक्षेपात दिसतात. उतारावर शहराचे कॅथेड्रल आहे. ११४७ च्या विजयानंतर बांधावयास घेतलेल्या या मंदिराचे दोन जाडजूड बुरूज पाहून किल्ल्याचाच भास होतो. सारागोसाचे हुतात्मा संत विन्सेंट यांचे अवशेष ११७३ साली जहाजातून येथे आणण्यात आले. त्या जहाजासोबत दोन कावळे राखण करीत आले, अशी आख्यायिका आहे. म्हणूनच लिस्बनच्या नगरमुद्रेवर आजही एक जहाज आणि दोन कावळे दिसतात.

कॅथेड्रलपासून काही पावलांवर संत अंतोनींचे चर्च आहे. आपण ज्यांना पाडुआचे संत अंतोनी म्हणतो ते जन्माने लिस्बनचे. ११९५ च्या सुमारास याच जागी त्यांचा जन्म झाला, अशी परंपरा आहे. त्यांचे मूळ नाव फर्नांदो. कॅथेड्रलमध्ये त्यांचा स्नानसंस्कार झाल्याचे सांगितले जाते. तरुणपणी ते शहराच्या तटाबाहेरील संत विन्सेंट मठात ऑगस्टिनियन संघात दाखल झाले आणि पुढे कोइंब्राला गेले. १२२० साली मोरोक्कोत हौतात्म्य पत्करलेल्या पाच फ्रान्सिस्कन बंधूंचे अवशेष कोइंब्राला आले. ते पाहून त्यांचे मन हेलावले आणि त्यांनी फ्रान्सिस्कन झगा परिधान केला. १३ जून १२३१ रोजी पाडुआजवळ त्यांचे निधन झाले आणि एका वर्षाच्या आतच पोप नववे ग्रेगरी यांनी त्यांना संतपद बहाल केले. भूकंपानंतर पुन्हा उभारलेल्या या चर्चच्या तळघरात जन्मस्थानाची छोटी खोली आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८२ साली येथे प्रार्थना केली होती.

१२ जूनची रात्र लिस्बनकर रस्त्यावरच घालवतात. गल्लोगल्ली कोळशावर तारली मासळी भाजली जाते, मिरवणुका निघतात आणि तुळशीच्या कुळातील एका सुगंधी रोपाची छोटी कुंडी, कागदी फूल खोचून, प्रियजनांना भेट दिली जाते. आपल्याकडील कोळीवाड्यातील माणसाला हा सण परका वाटणार नाही.

कॅथेड्रलच्या मागे उतरणारी अल्फामा ही शहरातील सर्वांत जुनी वस्ती होय. तिचे नावच मुळी अरबी आहे. बोळ इतके अरुंद आहेत की समोरासमोरच्या दोन खिडक्यांतून शेजारणी सहज गप्पा मारू शकतात. फादो नावाचे विरहगीत याच प्रकारच्या वस्त्यांतून वाढले. २०११ साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले.

दुसरा दिवस : १ नोव्हेंबर १७५५ ची खूण

दुसऱ्या दिवशी सखल भागात उतरावे. येथील काटकोनात आखलेले सरळ रस्ते आणि एकसारख्या इमारती पाहून ही वस्ती जुन्या शहरापेक्षा वेगळी का, असा प्रश्न पडतो. उत्तर एका तारखेत आहे. १ नोव्हेंबर १७५५, सकल संतांचा सण. सकाळी साडेनऊच्या सुमारास, चर्चे मिस्सासाठी भरलेली आणि वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या असताना, प्रचंड भूकंप झाला. लोक मोकळ्या जागेच्या आशेने नदीकाठी धावले, तर थोड्याच वेळात समुद्राच्या लाटा नदीतून वर चढून आल्या. त्यानंतर लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. मृतांची संख्या निश्चित सांगता येत नाही. बहुतेक अंदाज ३० ते ५० हजारांच्या दरम्यान आहेत. नदीकाठचा राजवाडा, त्यातील सुमारे ७० हजार ग्रंथांचे ग्रंथालय आणि भारताशी होणारा व्यापार पाहणारी कचेरी नाहीशी झाली. आजचा विशाल प्रासा दो कोमेर्सियो चौक त्या राजवाड्याच्या जागी आहे. लोक अजूनही त्याला राजवाड्याचे पटांगण या अर्थाच्या जुन्याच नावाने संबोधतात.

राजाचे मंत्री, जे पुढे मार्क्विस ऑफ पोंबाल म्हणून ओळखले गेले, त्यांनी पुनर्बांधणी हाती घेतली. मुख्य अभियंते मान्युएल दा माया तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेले होते. ते राज्याच्या अभिलेखागाराचेही प्रमुख होते. किल्ल्यातील अभिलेखागाराचा बुरूज कोसळला होता. ढिगाऱ्यातून कागदपत्रे सोडवून त्यांनी ती सुरक्षित जागी हलवली आणि त्याच सुमारास नव्या शहराचे आराखडेही तयार केले. पोर्तुगीज अमलाखालील आपल्या किनाऱ्याविषयी अभ्यासकांना लिस्बनमध्ये आजही जे जुने कागद वाचावयास मिळतात, त्यांमागे या वृद्धाचे श्रम आहेत. नव्या घरांच्या भिंतींत लाकडाचा पिंजरा बसवण्यात आला. तो भूकंपात लवतो पण मोडत नाही.

आपत्तीचा अर्थ कोणता, यावर तेव्हा युरोपभर वाद झाला. गाब्रिएल मालाग्रिदा हे इटालियन येशूसंघीय धर्मगुरू, हा पापांचा दंड आहे असे प्रतिपादन करीत. पोंबाल यांना ते मानवले नाही. १७५९ साली येशूसंघाला पोर्तुगालमधून व त्याच्या वसाहतींतून हद्दपार करण्यात आले आणि १७६१ साली वृद्ध मालाग्रिदांना इन्क्विझिशनच्या निकालाने रोसियो चौकात देहान्त शिक्षा देण्यात आली. मनुष्याच्या दुःखाला सोपे उत्तर देण्याची घाई धर्मोपदेशकाने करू नये आणि राजसत्तेने त्या उत्तरासाठी कोणाचा जीव घेऊ नये, ही दोन्ही वचने त्या चौकात उभे राहिल्यावर मनात येतात.

रोसियोच्या वरच्या अंगाला कार्मो टेकडीवर कार्मेली मठाचे चर्च आहे. १९०२ साली सुरू झालेल्या लोखंडी उद्वाहकाने तेथे पोहोचता येते. सेनापती नुनो आल्वारेस परेरा यांनी १३८९ साली हा मठ स्थापिला, उतारवयात सर्वस्व वाटून टाकून ते येथेच साधा बंधू म्हणून राहिले आणि १४३१ साली निवर्तले. २००९ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी त्यांना संत घोषित केले. भूकंपात चर्चचे छप्पर कोसळले. नंतर दुरुस्ती सुरू झाली, ती अर्धवट राहिली आणि पुढे लिस्बनकरांनी मधला भाग तसाच उघडा ठेवला. दगडी कमानी आकाशाखाली उभ्या आहेत व खाली गवत उगवले आहे. मागील बंदिस्त भागात १८६४ पासून पुराणवस्तुसंग्रहालय आहे.

वसईच्या किल्ल्यात हिंडलेल्या वाचकाला येथे आल्यावर क्षणभर आपण कोठे आहोत याचा विसर पडतो. तेच कमानींचे सांगाडे, तेच आकाश. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज निघून गेले आणि पुढे किल्ल्यातील चर्चे ओस पडून त्यांची छपरे हरपली. लिस्बनमधील छप्पर सोळा वर्षांनी कोसळले. कारणे वेगळी आहेत, परंतु राज्यकर्त्यांच्या राजधानीतही तसेच एक उघडे चर्च उभे आहे, हे आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक असते.

याच कार्मो चौकात २५ एप्रिल १९७४ रोजी हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान मार्सेलो कायतानो शरण आला. सैनिकांच्या बंदुकांत लोकांनी लाल कार्नेशनची फुले खोचली. १९६१ साली गोवा मुक्त झाला होता, पण जुन्या राजवटीने ते मान्य केले नव्हते. या क्रांतीनंतर, १९७४ च्या अखेरीस, पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

रोसियोजवळचे संत दोमिनिक चर्च दुसऱ्या दिवशी चुकवू नये. १५३१ आणि १७५५ चे भूकंप सोसलेले हे चर्च १९५९ साली आगीत होरपळले. १९९४ साली ते पुन्हा उघडले तेव्हा आत नवा गिलावा चढविण्यात आला नाही. तडकलेले, काळवंडलेले खांब तसेच आहेत आणि त्यांच्यामध्ये रोजची मिस्सा होते. या चर्चच्या दाराशी आणखी एक जखम आहे. १५०६ च्या एप्रिल महिन्यात, पुनरुत्थान सणानंतरच्या दिवसांत, येथून उसळलेल्या जमावाने सक्तीने ख्रिस्ती केलेल्या यहुद्यांची कत्तल केली. बळींची संख्या दोन हजारांच्या आसपास मानली जाते. २००० साली लिस्बनचे पॅट्रिआर्क जोझे पोलिकार्पो यांनी या अन्यायाबद्दल जाहीर क्षमा मागितली. २००८ साली चौकात स्मारकशिळा बसविण्यात आली. रोसियोच्या उत्तर टोकाला आज राष्ट्रीय नाट्यगृह आहे. त्या जागी इन्क्विझिशनचा वाडा होता. १५३६ साली पोर्तुगालमध्ये सुरू झालेल्या त्या न्यायासनाची शाखा गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधला थोडा खंड वगळता, चालू होती.

दिवसाचा शेवट संत रोक चर्चमध्ये करावा. हे पोर्तुगालमधील येशूसंघाचे मुख्य चर्च होते आणि भूकंपात ते फारसे ढासळले नाही. बाहेरून अगदी साधे असून आतील एक प्रार्थनालय मात्र थक्क करते. ब्राझीलच्या सोन्याने श्रीमंत झालेल्या राजा पाचव्या जॉनने ते रोममध्ये बांधवून घेतले, पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी त्यात मिस्सा अर्पण केली, आणि मग ते सुटे करून जहाजांनी लिस्बनला आणून पुन्हा जोडण्यात आले. वसई गमावल्याला तेव्हा आठ-नऊ वर्षेच झाली होती. वस्त्रागारात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जीवनावरील आंद्रे रेइनोसो यांची चित्रमालिका आहे.

तिसरा दिवस : बेलेम

नदीकाठाने पश्चिमेस गेल्यावर बेलेम लागते. बेलेम म्हणजे पोर्तुगीज भाषेतील बेथलेहेम. १४९७ साली वास्को दा गामा निघाला तो येथूनच. प्रस्थानापूर्वी त्याने व त्याच्या खलाशांनी किनाऱ्यावरील लहान चर्चमध्ये रात्र प्रार्थनेत घालविली, असे परंपरा सांगते. त्या जागी राजा मान्युएलने सोळाव्या शतकाच्या आरंभी जेरोनिमोस मठ बांधावयास घेतला. राजासाठी आणि दर्यावर्दींसाठी प्रार्थना करणे, हे मठवासींचे काम होते. दगडात कोरलेले दोरखंड, शंखशिंपले आणि वनस्पती पाहताना छिन्नीचा स्पर्श लाकडाला झाला की दगडाला, असा संभ्रम पडतो. चर्चमध्ये प्रवेश करताच दोन्ही अंगांना वास्को दा गामा आणि कवी लुईस द कामोंइश यांची थडगी आहेत. गामाचे निधन १५२४ साली कोची येथे झाले आणि त्याचे अवशेष नंतर पोर्तुगालला नेण्यात आले.

या थडग्यासमोर आपण काय म्हणावे? १५०२ च्या दुसऱ्या सफरीत याच गामाने मलबार किनाऱ्यापाशी मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज शेकडो जिवांसह जाळले. त्याच सफरीत पूर्व आफ्रिकेतील किल्वाच्या सुलतानाकडून खंडणी म्हणून घेतलेल्या सोन्यातून १५०६ साली पवित्र साक्रामेंताच्या आराधनेसाठी एक सुवर्णपात्र घडविण्यात आले. सोनार जिल व्हिसेन्ते यांची ती अप्रतिम कृती बेलेमचे आराधनापात्र या नावाने ओळखली जाते आणि लिस्बनच्या प्राचीन कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या मालकीची आहे. पात्राच्या मध्यभागी गुडघे टेकलेले बारा प्रेषित आहेत. ते पात्र पाहताना त्याच्या सोन्याचा उगमही यात्रेकरूने ध्यानी ठेवावा, असे आम्हांस वाटते.

नदीच्या पात्रातील बेलेमचा मनोरा सुमारे १५१९ साली पूर्ण झाला. त्याच्या एका बुरुजाखाली गेंड्याचे झिजलेले मुंडके कोरलेले आहे. हा गेंडा आपल्या शेजारचा. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याने तो पोर्तुगीजांना भेट दिला आणि मे १५१५ मध्ये तो लिस्बनला पोहोचला. राजाने पुढे तो पोप दहावे लिओ यांना पाठविला, परंतु इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडाले. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने तो प्राणी प्रत्यक्ष न पाहताच त्याचे जगप्रसिद्ध चित्र काढले. याच मुजफ्फरशहाचा पुत्र बहादूरशहा याने १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली.

जवळच १९६० साली उभारलेले दर्यावर्दींचे स्मारक आहे. जहाजाच्या नाळेवर उभ्या असलेल्या मूर्तींमध्ये संत फ्रान्सिस झेवियरही आहेत. ७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, त्यांनी लिस्बन सोडले आणि १३ महिन्यांनी ते गोव्यास पोहोचले. वसईलाही त्यांनी भेट दिली. ते पुन्हा कधी युरोपात परतले नाहीत. लिस्बनमध्येच १६४७ साली जन्मलेले संत जॉन डी ब्रिटो यांनी तामिळनाडूत तेथील संन्याशाचा वेश आणि आहार स्वीकारला आणि १६९३ साली ओरियूर येथे हौतात्म्य पत्करले. एकाच बंदरातून तोफा निघाल्या आणि असे मिशनरीही निघाले.

वेळ असल्यास

माद्रे द देउस मठातील टाइल्सच्या संग्रहालयात सुमारे १७०० सालचे, जवळजवळ २३ मीटर लांबीचे निळ्या-पांढऱ्या टाइल्सचे चित्र आहे. त्यात भूकंपापूर्वीचे संपूर्ण लिस्बन दिसते. हा मठ राणी लिओनोर हिने १५०९ साली स्थापिला. तिच्याच आश्रयाने १४९८ साली लिस्बनमध्ये मिझेरिकोर्दिया ही सेवाभावी संस्था उभी राहिली. आजारी, कैदी व अनाथ यांची सेवा करणाऱ्या या संस्थेच्या शाखा पुढे गोव्यात आणि वसईतही निघाल्या.

फातिमाला जाणाऱ्यांनी एस्त्रेला बॅसिलिकाच्या परिसराला अवश्य भेट द्यावी. येशूच्या पवित्र हृदयाला समर्पित असलेली ही बॅसिलिका १७९० च्या सुमारास पूर्ण झाली. फातिमाची छोटी जासिंता आजारी असताना या भागातील एका अनाथालयात काही दिवस राहिली होती. पुढे २० फेब्रुवारी १९२० च्या रात्री लिस्बनच्या दोना एस्तेफानिया रुग्णालयात, घरापासून दूर, आईवडील जवळ नसताना तिने प्राण सोडला. तेव्हा ती अवघी नऊ वर्षांची होती. २०१७ साली दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी तिला संत घोषित केले. तेच पोपमहोदय ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक युवादिनासाठी लिस्बनला आले होते.

नदीच्या पैलतीरावर ख्रिस्तराजाचा पुतळा आहे. दुसऱ्या महायुद्धातून देश वाचल्यास तो उभारू, असा नवस पोर्तुगालच्या बिशपांनी १९४० साली केला होता. १९५९ साली त्याचे उद्घाटन झाले.

काही सूचना

रस्ते लहान दगडांच्या फरशीचे असून पावसात निसरडे होतात. रबरी तळव्याचे पादत्राण न्यावे. ज्येष्ठांनी चढणीसाठी ट्रामचा उपयोग करावा, मात्र गर्दीच्या २८ क्रमांकाच्या ट्राममध्ये खिसा-पाकीट सांभाळावे. संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात. जुन्या वास्तूंची दुरुस्ती अधूनमधून चालू असते, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. मिस्सा चालू असताना चर्चमध्ये फिरू नये. कान उघडे ठेवावेत. बेकरीत पाव, दुकानात साबण, घरात मेज आणि हातात चावी, हे आपल्या रोजच्या मराठीतील शब्द थोड्या वेगळ्या उच्चाराने तेथे ऐकू येतील.

वाचकहो, आपल्या श्रद्धेचा इतिहास लिहिताना आपण कधी केवळ वैभव सांगतो, तर कधी टीकेच्या भयाने गप्प बसतो. लिस्बनने कार्मोचे छप्पर उघडे ठेवले, संत दोमिनिकचे काळे खांब तसेच ठेवले आणि दाराशी क्षमायाचनेची शिळा बसविली. त्याच खांबांखाली दररोज मिस्सा होते आणि माणसे गुडघे टेकतात. फातिमाला जाण्यापूर्वी त्या बाकांवर थोडा वेळ बसावे आणि वसईच्या किल्ल्यातील आपल्या चर्चांसाठी, तेथे प्रार्थना केलेल्यांसाठी आणि ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्यासाठीही एक प्रार्थना करावी, एवढीच आमची विनंती आहे.